एक मार्क बाकी

तूरडाळ निवडायला सूप मांडीवर घेतलं की अजूनही मला मीटिंग सुरू झाल्यासारखं वाटतं. सून म्हणते, "आई, डाळ पाकिटातली आहे. खडे नसतात हल्ली." नसतात हे मलाही दिसतं. पण छत्तीस वर्षं मास्तरकी केली आणि त्यातली शाळेची प्रत्येक मीटिंग सुपावर वाकून केली, ती सवय पाकिटाला कशी कळणार?

आमच्या मुख्याध्यापिका मोठ्या सिस्टर, त्यांची ती पद्धत. मीटिंगला गेलं की वही-पेन नाही, प्रत्येकाच्या हातात एक सूप. वसतिगृहाची डाळ त्यात ओतलेली. बोलायचं ते निवडता निवडता बोलायचं. सगळ्यांची सुपं स्वच्छ झाली की मीटिंग संपली, मग कुणाचं वाक्य अर्धवट का राहीना. एक जरी खडा कुणाच्या सुपात उरला तरी उठायचं नाही. सिस्टर स्वतः फिरून प्रत्येकाच्या सुपात बोट घालून बघायच्या. जो जास्त बोलायचा त्याचं सूप मागे राहायचं आणि बाकीचे त्याच्याकडे डोळे वटारून बघत बसायचे. आमच्या शाळेत भाषणबाज माणूस टिकलाच नाही. अपवाद फक्त माझा.

गेल्या एप्रिलमध्ये शाळेतून फोन आला. मोठ्या सिस्टर चालल्या. कागदावर त्या कधीच निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांना सोडत नव्हती आणि त्या शाळेला. आता मात्र खरंच केरळला, त्यांच्या धर्मभगिनींच्या संघाच्या घरी, कायमच्या. "निरोपाला या," फोनवरची नवी शिक्षिका म्हणाली, "आणि बाई, भाषण तुम्हीच करा. तुमची भाषा चांगली आहे असं सगळे सांगतात."

भाषा चांगली, हे ऐकून कुणालाही बरं वाटेल. मला नाही वाटलं. कारण याच चांगल्या भाषेत चाळीस वर्षांपूर्वी मी मोठ्या सिस्टरांविरुद्ध वरच्या कार्यालयाला एक निनावी पत्र लिहिलं होतं. ते मी लिहिलं हे त्यांना कधी सांगितलं नाही. रोज उद्यावर ढकललं. आता त्या गाडीत बसल्या की सांगायला माणूसच उरणार नव्हतं.

पण आधी त्या कशा होत्या ते सांगते, म्हणजे मी कशी होते ते आपोआप कळेल.

सातपुड्याच्या पायथ्याला मिशनची शाळा. मी बावीस वर्षांची, डी.एड. झालेली, सारंगखेड्याची. वक्तृत्वाचे तीन कप घरात, आणि ते कप दाखवल्याशिवाय मी पाहुण्याला चहा देत नसे. घरात आम्ही सगळे अहिराणी बोलायचो. पण मी ठरवलं होतं की आपण अहिराणी बोलतो हे जगाला कळू द्यायचं नाही. साडीच्या निऱ्या आणि वाक्यातलं क्रियापद, दोन्ही कडक.

सिस्टर तेव्हा बत्तीस वर्षांच्या आसपास असतील. उंच, सावळ्या, पायात रबरी चपला, पांढऱ्या झग्याच्या खिशात खडू, लसणाच्या पाकळ्या आणि प्रार्थनेचं पुस्तक. मराठी भाषा सिस्टर पुस्तकांतून शिकल्याच नव्हत्या. पहिलीतल्या पोरांकडून आणि आठवडे बाजारातून शिकल्या. त्यामुळे त्यांच्या एका वाक्यात अहिराणी, भिली आणि मराठी एकाच बाकावर बसलेल्या असायच्या, आणि वर केरळचा हेल. तपासणीला साहेब आले तरी, "बठा ना साहेब, चहा लेशात ना?" मी कोपऱ्यात शरमेने लाल व्हायची. साहेब मात्र खूश व्हायचे. हे मला फार वर्षं कळलं नाही.

आणि मार्क. सिस्टर जगातल्या प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क द्यायच्या. सकाळच्या चहाला सहा. अक्कलकुव्याच्या एसटीने वळण घेतलं, सात. नाताळच्या केकला साडेपाच. फादरांच्या प्रवचनाला चार, तेही फादरांच्या तोंडावर, आणि फादर बिचारे मान डोलावून, "लांबीचे किती कापले?" असं विचारायचे. कारण सिस्टरांचा एक नियम होता. "मार्क कापा. पण कसाले काप्या ते सांगनं पडी." कारण न सांगता कुणाचा अर्धा मार्कही कापायचा नाही. दहा मात्र कुणालाच नाहीत. "दहा देवाला," त्या म्हणायच्या, आणि बाहेरच्या उन्हाकडे बघून पुढे, "पण मे महिन्यात त्यालाही नाही."

एकदा त्यांना आमच्याकडे घोड्यांच्या यात्रेला नेलं होतं. तिथे त्यांनी एका घोड्याचे दात बघितले, खूर उचलून बघितला, व्यापाऱ्यासमोर जाहीर केलं, "घोड्याला आठ. मालकाला तीन." मालक भडकला. "मन्हा सात कसाले काप्यात हो?" सिस्टर म्हणाल्या, "तो तहानलेला शे, तू नही." मालक मुकाट्याने बादली आणायला गेला.

घरी आल्यावर आईने दारातूनच म्हटलं, "ये वं माय, बठ, भाकर खाय." मी घाईघाईने मध्ये पडले. "सिस्टर, आई म्हणते आहे की आपण स्थानापन्न व्हावं आणि भोजनाचा स्वीकार करावा." माझं भाषांतर संपेपर्यंत सिस्टर चुलीपुढे मांडी घालून बसल्या होत्या आणि आईला मिरचीच्या ठेच्याचे मार्क सांगत होत्या. नऊ. एक तेलाचा कापला.

तर अशा बाईंच्या हाताखाली मी ऑगस्टमध्ये रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात, बुधवारी, पहिलीतल्या एका मुलाने वर्गातच चड्डी ओली केली. मी त्याला उभं केलं आणि माझ्या सुंदर मराठीत सुनावलं, "एवढा मोठा झालास, वेळेवर सांगता येत नाही?" मुलगा खाली बघत राहिला.

सोमवारी सिस्टरांनी मला बोलावलं. म्हणाल्या, "बाई, आता एक आठवडा तू पहिलीत बस."

"शिकवायला?"

"शिकायला."

तो तिथला रिवाज होता, मला कुणी सांगितला नव्हता इतकंच. प्रत्येक नव्या शिक्षकाने एक आठवडा पहिलीत, पोरांमध्ये, जमिनीवर बसायचं. शिकवणार दुसरीतलं एक पोर. आणि बोलायचं फक्त पोरांच्या घरच्या भाषेत, भिलीत. मराठीचा एक शब्द नाही. माझ्या नशिबी आलेली 'बाई' होती सुकमी. सात वर्षांची, दोन वेण्या, पुढचे दोन दात पडलेले. पण छडी अशी काखेत धरायची की आमच्या डी.एड.च्या प्राचार्यांना हेवा वाटावा.

ती एकेक आज्ञा करायची आणि आम्ही ती पाळायची. तिने पाणी आणायला सांगितलं, मी दार लावलं. दार लावायला सांगितलं, मी फळा पुसला. उभं राहायला सांगितलं तेव्हा मात्र मला कळलं, कारण बाकी सगळे उभे राहिले. वर्ग हसून हसून लोळत होता. मी तीन कप मिळवलेली वक्ता, ओठ घट्ट मिटून बसलेली.

आणि मग मला बाहेर जायची गरज लागली. सकाळी दोन कप चहा झाला होता. जाऊ का, हे भिलीत कसं विचारायचं? मला 'याहा' म्हणजे आई एवढंच येत होतं, आणि त्यावर काम भागण्यासारखं नव्हतं. मराठीत विचारायचं नाही. न विचारता उठायचं नाही. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला, तास गेला. सुकमी पाखरांची नावं शिकवत होती. तिने एकेक पाखरू सांगावं आणि मला नदी दिसावी. दोन तासांनी माझा सगळा अभिमान, सगळे कप, सगळी क्रियापदं एकदम फुटली आणि मी ओरडले, "माले जाऊ दे वं माय! मरी गऊ!"

सुकमीने गंभीरपणे छडी दाराकडे केली. मी पळाले. मागून तिने वर्गाला काहीतरी सांगितलं आणि पुन्हा हशा उठला. नंतर मी थोडं मराठी येणाऱ्या एका मुलीला विचारलं, काय म्हणाली? मुलीने मराठीत सांगितलं, "एवढी मोठी झाली, वेळेवर सांगता येत नाही."

संध्याकाळी सिस्टरांनी निकाल दिला. "तीन."

मी संतापून विचारलं, "सात कशाचे कापले?"

"दोन तास गप बसली त्याचे. पण बाई, तू दोन तास बसली. ते पोर जूनपासून बसलं शे."

शहाण्या माणसाने इथे मान खाली घातली असती. मी खोलीवर जाऊन पत्र लिहायला बसले.

काय पत्र होतं ते! "महोदय, अत्यंत व्यथित अंतःकरणाने" अशी सुरुवात. "ज्ञानमंदिराच्या पवित्र प्रांगणात शालेय वेळेत अध्यापकांस भूमीवर बसवून त्यांच्या मानमर्यादेचा जो भरदिवसा अधिक्षेप होत आहे" असा मध्य. शेवटी "एक हितचिंतक". अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळं डाव्या हाताने लिहिलं. चार संध्याकाळी लागल्या. अक्षर बदललं, भाषा मात्र बदलवेना. एक अलंकार काढावा म्हटलं तर जीव तुटायचा.

बरं, गावातल्या पेटीत टाकलं तर शिक्का गावाचा बसणार. म्हणून मी एका रविवारी तीन गाड्या बदलून थेट विसरवाडीला गेले. हमरस्त्यावरचं गाव, शंभर ट्रक, हजार माणसं, कोण कुणाला ओळखतो? पत्र टाकलं, तिथल्या टपरीवर भजी खाल्ली आणि संध्याकाळी परत आले. अशी हुशार मी. आणि सोमवारी शिक्षकखोलीत सगळ्यांना विचारत सुटले, "तुम्ही विसरवाडीच्या नाक्यावरची भजी खाल्लीत का कधी? काय भजी आहेत हो!"

महिन्याभराने वरून लखोटा आला. आत माझं पत्र, त्याला टाचणीने लावलेलं माझं पाकीट, विसरवाडीच्या शिक्क्यासकट, आणि वर साहेबांचा शेरा: अभिप्रायार्थ. म्हणजे शाळेने खुलासा द्यावा. सिस्टरांनी तो शब्द जसाच्या तसा घेतला. त्यांनी मीटिंग बोलावली, सुपं वाटली, आणि आम्ही डाळीवर वाकल्यावर पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. माझे अलंकार त्यांच्या हेलात ऐकताना मी खड्यांबरोबर डाळही बाहेर टाकत होते. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "साहेबांनी अभिप्राय मागितला शे. सांगा, दहापैकी किती?"

गणिताचे सर, वयाने मोठे, मान वर न करता म्हणाले, "चार."

"चार?" मी म्हटलं.

"भाषा फुगलेली आहे. लिहिणारा पोटाने रिकामा असावा."

"अहो सर, चार कसे? जरा वाक्यरचना बघा! 'भरदिवसा अधिक्षेप' ही काय साधी शब्दयोजना आहे? किती तळमळीने लिहिलंय कुणी तरी!"

सगळ्यांची बोटं डाळीत थांबली. मला वाटलं माझ्या युक्तिवादाने थांबली.

सिस्टर म्हणाल्या, "मग बाई, तू किती देशी?"

इथेही मला निसटता आलं असतं. दोन म्हटलं असतं, तीन म्हटलं असतं. पण स्वतःच्या लेकराला नापास कोण करतं? "नऊ," मी म्हटलं.

"एक कसाले काप्या?"

कारण तर सांगायलाच हवं होतं. "खाली नाव नाही. पत्रलेखनात नावाचा एक मार्क असतो."

"बरोबर." सिस्टरांनी पत्राची घडी घातली आणि प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. "एक मार्क बाकी शे." आणि वर कळवलं, शिक्षकांचा अभिप्राय, दहापैकी नऊ. मूळ पत्र परत पाठवायला मात्र त्या विसरल्या.

वरून उत्तर आलं ते छोटं होतं. शालेय वेळेत असे प्रकार बंद करावेत. रिवाज बंद झाला. मी जिंकले. दोन दिवस मी अशी चालत होते की चौथा कप हातात असावा.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुकमी छडी घेऊन माझ्यापुढे आली. सिस्टरांनी तिला सांगितलं होतं की आता नवे शिक्षक शिकायला येणार नाहीत. तिने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "बाई, मी चुकी शिकवलं?"

चाळीस वर्षं झाली. जेवताना मध्येच हा प्रश्न आठवतो आणि घास तोंडातच फिरत राहतो. मी त्या पोरीच्या मागोमाग वर्गात गेले आणि जमिनीवर बसले. तिने मला पाणी आणायला सांगितलं. मी पुन्हा दार लावलं.

मी रोज मधल्या सुट्टीत बसू लागले. सिस्टर दारातून बघायच्या. आठवड्याने गणिताच्या सरांनी, उगीच, माझ्या देखत विचारलं, "सिस्टर, साहेबांचा हुकूम आहे ना?"

"हुकूम शालेय वेळेचा शे. ही मधली सुट्टी. पत्र ज्याने लिहिलं त्याने चांगलं स्पष्ट लिहिलं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून आजतागायत आमच्या शाळेत नवे शिक्षक पहिलीत बसतात ते मधल्या सुट्टीत, डबा मांडीवर घेऊन. सहा महिन्यांनी सिस्टरांनी मला भिलीत सहा दिले. चार उच्चाराचे कापले. पुढे सुकमीनेच माझ्या किती तरी सहकाऱ्यांना शिकवलं. आता ती त्याच गावात अंगणवाडी चालवते आणि अजून छडी काखेतच धरते.

माझं नाव सांगायचं मात्र राहिलं. आधी भीती होती, मग लाज, मग इतकी वर्षं झाली की विषय काढायला निमित्त मिळेना. दर नाताळला ठरवायची. केक खाऊन परत यायची.

तर एप्रिलमधला तो निरोप. सकाळची वेळ, चिंचेखाली मांडव. सिस्टर आता वाकल्या आहेत, पण चपला त्याच जातीच्या. मंचावर खुर्ची ठेवली होती, त्यावर त्यांनी आपली पिशवी बसवली आणि स्वतः खाली सतरंजीवर बसल्या. आम्हा सगळ्या जुन्या-नव्या शिक्षकांच्या हातात सुपं आली. "शेवटची मीटिंग," त्या म्हणाल्या. डाळ सुकमीच्या शेतातली, घरी भरडलेली, म्हणजे खड्यांची खात्री. फाटकाशी जीप उभी होती, सामान चढवलेलं.

भाषणं झाली. फादर पाच, सरपंच साडेचार. मग माझं नाव पुकारलं. मी आठ पानं लिहून नेली होती. "अत्यंत व्यथित अंतःकरणाने" हीच सुरुवात पुन्हा झाली होती, हे मी तिथे उभी राहिल्यावर बघितलं. इतक्या वर्षांत मला दुसरी सुरुवातच सुचली नाही! कागदांची घडी केली.

"सिस्टर," मी म्हटलं, आणि चांगली भाषा मला सोडून पळाली. "ते पत्र मी लिखेल व्हतं."

मला वाटलं होतं, मांडवात सन्नाटा पसरेल. कुणी दचकलंही नाही. सुपं पाखडल्याचा आवाज तसाच चालू. मग मागच्या रांगेतून गणिताचे सर, आता नव्वदीला टेकलेले, कानाला यंत्र लावलेले, म्हणाले, "बाई, विसरवाडीची भजी अजून तशीच आहेत का हो?"

आणि सगळा मांडव फुटला. सगळ्यांना माहीत होतं! पहिल्या दिवसापासून! माझ्यानंतर वीस वर्षांनी आलेल्या शिक्षकांनासुद्धा कुणी तरी सांगून ठेवलं होतं. मी चाळीस वर्षं जे पोटात घेऊन फिरत होते ते शाळेत नव्या माणसाला ओळख म्हणून देत होते. सुकमी तर तोंडाला पदर लावून लोळायची बाकी होती.

सिस्टरांनी खिशातून प्रार्थनेचं पुस्तक काढलं. त्यातून पिवळी पडलेली घडी काढली, सुपावर पसरली आणि मला पेन दिलं. "नाव टाक."

मी खाली बसले. 'एक हितचिंतक' या शब्दांखाली, उजव्या हाताने, पूर्ण नाव लिहिलं. सुपातल्या डाळीवर कागद हलत होता, त्यामुळे ते डाव्या हाताने लिहिल्यासारखंच दिसलं.

"आता दहा?" मी विचारलं.

"आता तू मार्क दे. माले. इतक्या वर्षांचे."

मी सिस्टरांकडे बघितलं. दहा म्हणायला जीभ उचललीच होती, पण त्यांनी भुवई वर केली. खोटे मार्क त्यांना चालत नसत.

"नऊ," मी म्हटलं.

"एक कसाले काप्या?"

"तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत."

त्यांनी विचार केला. "तू सांगितलं नही, मी विचारलं नही. अर्धा तुझा, अर्धा मन्हा. साडेनऊ लिहू."

मी मान हलवली. त्यांनी घडी पुन्हा पुस्तकात ठेवली. ती परत देतील असं मला वाटलं होतं. केरळला घेऊन गेल्या.

ड्रायव्हरने जीपचा हॉर्न वाजवला. सिस्टर गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि नेहमीसारख्या एकेकाच्या सुपात बोट घालत फिरू लागल्या. सरांचं स्वच्छ. फादरांचं स्वच्छ. सुकमीचं स्वच्छ. माझ्या शेजारी यायला त्यांना दोन माणसं उरली होती, तेव्हा मी सतरंजीच्या कडेला हात घातला, चिंचेखालचा एक छोटा खडा उचलला आणि हळूच माझ्या डाळीत टाकला.

सिस्टर आल्या. बोट फिरवलं. खडा सापडला. त्यांनी तो चिमटीत धरून उन्हात बघितला, मग माझ्या बोटांना लागलेल्या मातीकडे बघितलं, मग फाटकातल्या जीपकडे.

आणि खडा परत माझ्या सुपात ठेवला, आणि माझ्या बाजूला मांडी घालून बसल्या.